हजार शब्दांची पीडीएफ डिलीट करा, मग इंग्रजी शब्द वाढवायला बसू

मी सोलापुरात एका टॉवेलच्या कारखान्यात एक्स्पोर्टचे मेल लिहितो. मराठी मिडियम, घर अशोक चौकाच्या मागं, वडील आयुष्यभर मागावर. त्यामुळे इंग्रजी घरात कधी आलंच नाही, जे आलं ते बँकेच्या परीक्षांची तयारी करताना आलं, आणि त्या तयारीतून बँक काय मिळाली नाही पण हजार शब्दांची एक पीडीएफ तेवढी मोबाईलमध्ये राहिली. त्यातले सातशे तरी मला 'येत' होते. नोकरीला लागून महिना झाला असेल नसेल, बाहेरच्या एका गिऱ्हाईकाला उन्हाळ्यासाठी आमचा वजनाला हलका, पातळ टॉवेल सुचवायचा होता. 'थिन' लिहायला लाज वाटली, पाचवीतल्या पोराचा शब्द तो, म्हणून थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, उघडला, थिनच्या खाली 'फ्लिम्झी' दिसला, पीडीएफमध्ये पण होता, अर्थ 'पातळ, हलका'. झालं, ठोकून दिलं की आमचा फ्लिम्झी टॉवेल उन्हाळ्याला एकदम बेस्ट. दुसऱ्या दिवशी एका ओळीत उत्तर आलं, फ्लिम्झी आहे तर विकताय कशाला?

फ्लिम्झी म्हणजे तकलादू ओ. पातळ खरं, पण हातात घेतला की फाटेल असं पातळ. पीडीएफनं खोटं सांगितलं नव्हतं, अर्धं सांगितलं होतं. मालक हसले आणि विषय संपला, पण मी त्या रात्री ती पीडीएफ उडवली आणि तेव्हापासून जी पद्धत हळूहळू बसत गेली ती इथं लिहितोय. ज्यांचं इंग्रजी बऱ्यापैकी आहे, पेपर वाचता येतो, मेल लिहिता येतो, पण वरच्या लेव्हलचे शब्द वाचताना कळतात आणि लिहिताना सापडत नाहीत त्यांच्यासाठी आहे हे. अगदी सुरुवात करणाऱ्यांनी आधी साधी वाक्यं पक्की करा, घाई नको.

पहिली गोष्ट, यादीचा नाद का सोडायचा. आमच्या गल्लीतलं पोरगं बघा, सकाळी आजीशी तेलुगूत भांडतंय, दुकानात कन्नडमध्ये उधारी मागतंय, शाळेत मराठी आणि खेळताना ती आपली खास सोलापुरी हिंदी. कुणी यादी पाठ केली? शब्द माणसांसोबत, भांडणासोबत, उधारीसोबत आले म्हणून बसले. आपले डॉ. कोटणीस १९३८ ला चीनला गेले तेव्हा चिनीचा गंध नव्हता, तिथं जखमी सैनिकांवर उपचार करता करता शिकले. पण एक अडचण आहे हां, 'नेव्हरदलेस' किंवा 'कॉन्टिन्जन्सी' हे शब्द काय नवी पेठेत भाजी घेताना कानावर पडणार नाहीत, इंग्लंडमधल्या भाजीबाजारात पण पडत नसतील. हे लिखाणातले शब्द आहेत. म्हणून वाचन हीच आपली गल्ली, आणि आता त्या गल्लीत शिरायचं कसं ते.

किती शब्द लागतात?

हा प्रश्न सगळेच विचारतात म्हणून आधी आकडे. मायकेल वेस्ट म्हणून एक साहेब होते, ढाक्याला शिकवायला होते ते, त्यांनी १९५३ साली इंग्रजीतल्या सगळ्यात कामाच्या साधारण २००० शब्दांची यादी छापली. हे २००० तुम्हाला येतातच, येत नसते तर इथवर तुम्ही इंग्रजीच्या वाटेला आला नसता. त्यानंतर न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड बाईंनी २००० साली कॉलेजच्या पुस्तकांमधून, पेपरांमधून, जवळजवळ ३५ लाख शब्दांच्या मजकुरातून ५७० शब्दकुळं (एका शब्दाची सगळी रूपं मिळून एक कुळ) काढली, जी सगळ्याच विषयांत सारखी येतात. 'सबसिक्वेंट', 'डिराइव्ह', 'इम्प्लाय', 'कॉन्स्टिट्यूट', 'ऑलबीट' वगैरे. अभ्यासाच्या मजकुरात दर दहा शब्दांमागे एक या यादीतला असतो. आता तुम्ही म्हणाल आत्ता तर यादी नको म्हणाला. पाठ करायला नकोच, खूण करायला हवी. ही ५७० कुळं नेटवर फुकट आहेत, एकदा वरून नजर फिरवा आणि जे शब्द बघितल्यावर 'माहीत आहे पण मी कधी लिहिला नाही' असं वाटेल त्याच्यावर टिक करा. माझ्या निम्म्याहून जास्त टिका पडल्या होत्या. ही सगळ्यात स्वस्त कमाई आहे, कारण ओळख झालेली आहे, फक्त घरी बोलवायचं राहिलंय. लोक हे सोडून 'सेस्क्विपेडेलियन' पाठ करत बसतात.

तिसरा आकडा पॉल नेशन यांचा, हेही न्यूझीलंडचेच, २००६ चा. कादंबरी किंवा पेपर डिक्शनरीशिवाय आरामात वाचायचा असेल तर मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे पाहिजेत आणि त्यासाठी साधारण ८ ते ९ हजार शब्दकुळं लागतात. कुळ म्हणजे 'डिसाइड, डिसिजन, डिसायसिव्ह, इनडिसायसिव्ह' हे सगळं मिळून एक, त्यामुळे आकड्याला घाबरू नका.

या ९८ टक्क्याचा खरा उपयोग पुस्तक निवडायला होतो. एका पानावर ३०० शब्द धरा, दोन टक्के म्हणजे सहा. कुठलंही एक मधलं पान उघडा आणि न येणाऱ्या शब्दांवर बोट ठेवत जा, एका हाताची बोटं संपून दुसऱ्या हाताची दोन-तीन लागली तर चालेल, दोन्ही हात संपले तर ते पुस्तक ठेवून द्या, वर्षानं उघडा. स्पर्धा परीक्षेवाली पोरं रोज अग्रलेख घेऊन बसतात आणि वीस-वीस शब्द अंडरलाइन करतात, पान लग्नाच्या मांडवासारखं रंगीत होतं आणि लेखात काय म्हटलंय विचारलं तर गप्प. वीस शब्द अडले म्हणजे तुम्ही वाचत नव्हता, दगड फोडत होता.

एकच विषय महिनाभर धरा

हे मला कुणी सांगितलं नव्हतं, नोकरीमुळे आपोआप झालं. मी रोज कापसाचे भाव, सुताचे भाव, कंटेनरचं भाडं हेच वाचायचो. पहिल्या आठवड्यात प्रत्येक बातमीत अडायचो, तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की तेच पाहुणे पुन्हा पुन्हा येतायत. 'व्होलटाइल', 'स्लम्प', 'ग्लट', 'हेज', 'रिबाउंड', 'बफर स्टॉक'. 'ग्लट' मी डिक्शनरीत बघितलाच नाही, आठ-दहा बातम्यांमध्ये भाव पडले की ग्लट यायचा, कळलं की बाजारात माल उदंड झालाय. वेगवेगळ्या विषयांवर तीस लेख वाचले तर तीसही लेखांत वेगळे शब्द, एकाच विषयावर तीस वाचले तर तेच शब्द तीस वेळा. तुमच्या आवडीचा घ्या, ऊस-साखर घ्या (आपल्या जिल्ह्यात कारखाने काय कमी नाहीत, इथेनॉलच्या बातम्या रोज असतात), क्रिकेट घ्या, अंतराळ घ्या, खून-दरोडे घ्या. महिन्यानं बदला.

अडलेल्या शब्दाचं काय करायचं? पहिल्यांदा दिसला, सोडून द्या. दुसऱ्यांदा दिसला, पेन्सिलची टिक. तिसऱ्यांदा आला म्हणजे तो तुमच्या कामाचा आहे, आता उघडा डिक्शनरी. या गाळणीतून दिवसाला चार-पाच शब्दच खाली येतात आणि तेवढेच पुरे. रोज ५, आठवड्यातले ५ दिवस, वर्षाचे १३०० होतात, निम्मे गळाले तरी ६५० राहिले, म्हणजे कॉक्सहेड बाईंच्या अख्ख्या यादीपेक्षा जास्त.

डिक्शनरी इंग्रजी-मराठी नको, इंग्रजी-इंग्रजी घ्या आणि तीसुद्धा लर्नर्स डिक्शनरी, परक्या भाषेच्या लोकांसाठी केलेली. लॉंगमनच्या डिक्शनरीत सगळे अर्थ साधारण २००० सोप्या शब्दांत बसवलेले असतात, म्हणजे एक शब्द बघायला गेलो आणि अर्थातले तीन शब्द अडले असं होत नाही. ती झाली की मग मराठी शब्द स्वतः शोधायचा, आणि तो नेमका सापडला पाहिजे. फ्लिम्झीला 'पातळ' नाही, 'तकलादू'. 'मीगर'ला 'कमी' नाही, 'तुटपुंजा'. 'रिलक्टंट'ला 'नको म्हणणारा' नाही, 'आढेवेढे घेणारा'. हा नेमका मराठी शब्द सापडतो ना त्या क्षणी इंग्रजी शब्द डोक्यात खिळा ठोकल्यासारखा बसतो. मोल्सवर्थ साहेबानं १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढला, १८५७ ला वाढवून दुसरी आवृत्ती, तो आता नेटवर शोधता येतो, तिथं उलटीकडून जायचं, एखादा अस्सल मराठी शब्द टाकायचा आणि साहेबानं त्याला इंग्रजीत किती रंग दिलेत ते बघायचं. इंग्रजी जरा जुनं आहे त्याचं, तेवढं सांभाळा.

मराठीत जे जमतं तेच इंग्रजीत करायचंय

लोकांना वाटतं शब्दांच्या छटा म्हणजे काहीतरी लई हाय लेव्हल प्रकरण आहे. अहो लग्नाचा बायोडाटा लिहिताना आपण 'सडपातळ' लिहितो. 'बारीक' घरात म्हणतो, 'किडकिडीत' आणि 'हाडकुळा' भांडणात. चारही म्हणजे अंगानं कमीच. इंग्रजीत हीच ओळ 'स्लिम, थिन, स्किनी, इमेशिएटेड' अशी जाते, शेवटचा तर उपासमारीनं खंगलेल्या माणसाला. एवढं कळलं असतं तर माझा टॉवेल तकलादू झाला नसता, 'लाइटवेट' झाला असता.

दुसरं, मान. 'घर' आणि 'निवासस्थान' दोन्ही तेच, पण मित्राला कुणी म्हणतं का चल माझ्या निवासस्थानी चहा घेऊ? विचारलं, चौकशी केली, पृच्छा केली, यातला फरक तुम्हाला झोपेत पण कळतो. इंग्रजीत पण असेच थर आहेत आणि त्याला इतिहास आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबाराची भाषा फ्रेंच झाली, चर्च आणि विद्वानांची लॅटिन होतीच, खाली गावात जुनी इंग्रजी. म्हणून 'आस्क' गावचा, 'क्वेश्चन' फ्रेंचांकडून आलेला, 'इंटरॉगेट' लॅटिनचा, आता पोलीस ठाण्यात बसलेला. 'किंगली, रॉयल, रीगल' पण तसंच. गोठ्यातली 'काऊ' जुनी इंग्रजी आणि ताटातलं 'बीफ' फ्रेंच, कारण राखणारे एक आणि खाणारे दुसरे. आपल्याकडं प्राकृत, संस्कृत आणि फारसी असे तीन थर आहेत की, कोर्टात 'अर्ज, दस्तऐवज, वकील' हे फारसी-अरबीकडून, पूजेत संस्कृत, आणि आईशी बोलताना साधी मराठी. तेव्हा नवीन शब्द लिहून घेताना शेजारी एक खूण करा: घरचा, ऑफिसचा की कोर्टाचा. माझ्या वहीत घ, ऑ, को असं असतंय. मेलमध्ये 'कमेन्स' लिहिलं तर खपतं, मित्राला 'मॅच कमेन्स झाली' म्हणालात तर तो तुमच्याकडे बघत राहील.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, शब्दाची जोडी. मराठीत पैज लावतात, शपथ घेतात, चहा ठेवतात. 'चहा लावला' कोण म्हणत नाही, का ते सांगता येत नाही पण कानाला खटकतं. इंग्रजीतल्या या जोड्यांना कोलोकेशन म्हणतात. 'मिटिगेट' आणि 'अलेव्हिएट' दोन्हीचा अर्थ पीडीएफमध्ये 'कमी करणे', पण मिटिगेट करतात तो धोका, नुकसान, परिणाम, आणि अलेव्हिएट करतात ते दुखणं, गरिबी, हाल. 'इन्कर' चा अर्थ ओढवून घेणे, मग तोटा इन्कर होतो, खर्च होतो, कुणाचा राग होतो, नफा इन्कर झालेला मी तरी कधी वाचला नाही. साधा 'कॉज' घ्या, त्याच्या मागून बहुतेक वेळा वाईटच येतं: डिले, डॅमेज, प्रॉब्लेम. म्हणून शब्दाच्या कार्डावर (उजळणीसाठी छोटी कार्डं करायची, त्यांचं पुढं सांगतो) एकटा शब्द लिहायचाच नाही. त्याचे दोन-तीन सोबती लिहायचे आणि जिथं सापडला ते वाक्य जसंच्या तसं. एकट्या शब्दाचं कार्ड म्हणजे मागाच्या बीमवर न चढलेलं सूत, गठ्ठे कितीही असोत, कापड होत नाही. आणि थिसॉरस? विसरलेला शब्द आठवायला उघडा. अनोळखी शब्द तिथून उचलायचा नाही, कधीच नाही, माझा टॉवेल लक्षात ठेवा.

सर्टिफिकेटच्या रांगेत शिकलेलं लॅटिन

शब्दांची मुळं शिकायला म्हणून जाड पुस्तक आणू नका, तुमच्याकडे आधीच फाईल आहे. ती फाईल ओ, जी घेऊन आपण या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरलो. 'बोनाफाईड' बघा. बोना म्हणजे चांगला, फाईड म्हणजे विश्वास, लॅटिन 'फिडेस'. हा फिड सापडला की मग बघा किती दरवाजे उघडतात: 'फिडेलिटी' म्हणजे निष्ठा, 'कन्फाइड' म्हणजे विश्वासानं मनातलं सांगणे, 'कॉन्फिडंट' तर येतोच, त्याच्या उलट 'डिफिडंट' म्हणजे स्वतःवर विश्वास नसलेला, बुजरा, 'परफिडी' म्हणजे विश्वासघात. अ‍ॅफिडेव्हिट पण याच घरातला, शपथेवर सांगितलेलं. ठरलेल्या नवऱ्याला 'फियान्से' म्हणतात तो पण, वचन दिलंय म्हणून. आणि आपण ज्याला 'लई हायफाय आहे बे' म्हणतो तो हाय-फाय म्हणजे हाय फिडेलिटी, आवाज मुळाशी प्रामाणिक. एका बोनाफाईडमागे एवढं मिळालं, आणि क्लार्कनं दोन दिवस थांबवलं होतं त्याचं पण वसूल झालं.

'डोमिसाइल' मध्ये 'डोमस' आहे, घर. तिथून 'डोमेस्टिक', आणि घराचा धनी 'डॉमिनस', त्याच्यावरून 'डॉमिनेट' आणि 'डोमेन'. झेरॉक्सवर 'अटेस्टेड' शिक्का मारून आणला त्यात 'टेस्टिस' म्हणजे साक्षीदार, तिथून 'टेस्टिमनी', 'टेस्टिफाय', 'प्रोटेस्ट', 'कॉन्टेस्ट'. टीसीतला 'ट्रान्सफर' तोडला तर 'फेर' म्हणजे नेणे, मग 'डिफर', 'इन्फर', 'कन्फर'.

मुळांवर डोळे झाकून विसंबू मात्र नका, फसवतात. 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे कवडीमोल नाही, अनमोल. 'इन्फ्लेमेबल' आणि 'फ्लेमेबल' दोन्ही पेट घेणारेच. 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे नीट लिहिणारे लोक निःपक्षपाती धरतात, कंटाळलेला नाही. मूळ हे शब्द लक्षात ठेवायला वापरायचं, अर्थ ओळखायला अंदाज म्हणून ठीक, पण खात्री डिक्शनरीतच.

आता माझा आवडता भाग, जरा लांबेल, पण सोलापूरच्या माणसानं हे वाचलंच पाहिजे. 'टेक्स्ट' आणि 'टेक्स्टाइल' सख्खे भाऊ आहेत. लॅटिनमध्ये 'टेक्सेरे' म्हणजे विणणे. लिहिलेलं ते टेक्स्ट, विणलेलं ते टेक्स्टाइल. 'कॉन्टेक्स्ट' म्हणजे सोबत विणलेलं, म्हणून तर शब्द कॉन्टेक्स्टमधून उपटला की अर्थ उसवतो. 'प्रीटेक्स्ट' म्हणजे पुढं विणलेला पडदा, त्यावरून बहाणा. 'सटल' हा शब्द, ज्यातला बी उच्चारत नाहीत, लॅटिन 'टेला' म्हणजे मागावरचं विणकाम त्याच्यावरून आलाय असं धरतात, बारीक विणीचा म्हणून सूक्ष्म. आणि त्याच टेलावरून फ्रेंचमध्ये 'ट्वाल' म्हणजे कापड, त्याचं छोटं रूप 'ट्वालेट', नट्टापट्टा करायच्या टेबलावर टाकायचं कापड, मग ते टेबल, मग ती खोली, आणि शेवटी आपलं टॉयलेट. हे मी कारखान्यात सांगितलं तर टेरी टॉवेलवाले दोन दिवस हसत होते.

धोटा माहीत आहे ना, मागावर इकडून तिकडं पळणारा? त्याला इंग्रजीत 'शटल'. शटल ट्रेन, शटल बस, स्पेस शटल, वाटाघाटीत दोन देशांमध्ये ये-जा करणारी शटल डिप्लोमसी, सगळे धोटेच. 'वार्प' म्हणजे ताणा, उभे धागे, पण लाकूड वाकडं झालं किंवा बुद्धी वाकडी झाली तरी 'वार्प्ड'. बाणा म्हणजे 'वेफ्ट'. 'शॉडी' म्हणजे आज निकृष्ट काम, पूर्वी जुन्या लोकरीच्या चिंध्या पिंजून काढलेला धागा. 'ऑन टेंटरहुक्स' म्हणजे जीव टांगणीला, कारण टेंटर म्हणजे धुतलेलं कापड ताणून धरायची चौकट आणि तिचे आकडे, प्रोसेस हाऊसमधलं स्टेंटर मशीन बघितलं असेल तर लगेच डोळ्यासमोर येईल. 'स्पिन्स्टर' म्हणजे सूत कातणारी, पुढं अविवाहित बाई. 'थ्रेडबेअर' म्हणजे झिजून धागे दिसायला लागलेलं, आता वारंवार वापरून गुळगुळीत झालेल्या युक्तिवादाला पण म्हणतात. आणि उलट दिशेनं आपणही दिलंय बरं का: 'डंगरी' मुंबईच्या डोंगरीतल्या जाड्याभरड्या कापडावरून, 'चिंट्झ' छीटवरून, 'बंडाना' बांधणीवरून, 'खाकी' तर सरळच. कपड्याशी संबंध नाही पण 'मंगूस' हा थेट मराठी मुंगूस आहे. हा सगळा गठ्ठा मला एकदाही रिव्हिजन करावा लागला नाही, कारण माझ्या घरातल्या वस्तूंना बांधलेला आहे. तुम्ही मेडिकलला असाल, शेतीत असाल, गॅरेजमध्ये असाल, तुमच्या धंद्यातले असे शब्द शोधा, प्रत्येक धंद्यानं इंग्रजीला शब्द दिलेत.

विसरणं आणि पाण्याची पाळी

विसरणार, ते नक्की. एबिंगहाऊस नावाच्या जर्मन माणसानं १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्यानं जातं आणि मग गळती मंदावते. उपाय एकच, विसरायच्या बेतात असताना पुन्हा आठवायचं, आणि दर वेळी अंतर वाढवत न्यायचं. १९७२ मध्ये लाइटनर यांनी डब्यांची पद्धत सांगितली: पाच डबे, आठवलं की कार्ड पुढच्या डब्यात, चुकलं की थेट पहिल्यात. मोबाईलवर अ‍ॅन्की नावाचं अ‍ॅप हेच करतं, अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवाल्यांना पैसे पडतात.

मी अ‍ॅन्की आठ महिने वापरलं आणि सोडलं, कारण मोबाईल उघडला की अ‍ॅन्कीच्या आधी बाकी सगळं उघडतं. आता शेंगा चटणीचे रिकामे डबे आहेत, पाच, वर नंबर. पहिला रोज सकाळी. दुसरा पाण्याच्या पाळीला. आमच्या भागात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, कधी पहाटे कधी रात्री, आणि पाणी भरायला तासभर मोटरपाशी उभं राहावंच लागतं, तर तो तास दुसऱ्या डब्याचा. तारीख लक्षात ठेवायची गरज नाही, पाणीच आठवण करतं. तिसरा दर रविवारी, चौथा पंधरवड्याला, पाचवा महिन्याला पगाराच्या दिवशी. तुमच्याकडे रोज पाणी येत असेल तर तुम्ही नशीबवान, दुसरं काहीतरी शोधा.

कार्डाच्या पुढच्या बाजूला शब्द लिहू नका. तिथं वाक्य लिहा आणि शब्दाच्या जागी रिकामी रेघ, शेजारी पहिलं अक्षर, खाली मराठी शब्द. मागं उत्तर, सोबती, घ-ऑ-को. शब्द बघून अर्थ ओळखणं सोपं असतंय, लिहिताना उलटं लागतं, अर्थ डोक्यात असतो आणि शब्द हवा असतो, तर सराव पण उलटाच करायचा.

वापरायचं कुठं? मी आठवड्याला एकदा हे करतो, वेळ जातो पण याच्याइतकं काही लागू पडलं नाही. चांगल्या इंग्रजीतला एक परिच्छेद घ्यायचा, दहा-बारा ओळींचा. त्याचं मराठी करायचं, शब्दाला शब्द नाही, तुम्ही स्वतः लिहिलं असतं तसं. मूळ कागद कपाटात. तीन दिवसांनी फक्त मराठी समोर ठेवून परत इंग्रजी करायचं आणि मग मूळ काढून शेजारी लावायचं. जिथं तुम्ही 'व्हेरी बिग प्रॉब्लेम' लिहिलंत तिथं मूळ लेखकानं काय लिहिलंय ते बघून जो चटका बसतो ना, तो शब्द परत विसरत नाही. माझ्या एका परिच्छेदात तीन वेळा 'इन्क्रीज' आलं होतं, मुळात 'सर्ज', 'माउंटिंग' आणि 'एस्कलेट' होतं, आणि तिन्ही आपापल्या जागी, एकाची जागा दुसऱ्याला देता येत नव्हती.

उच्चाराचं थोडक्यात. वाचून शिकणाऱ्यांची इथं हमखास विकेट पडते. 'एपिटोम' नाही, 'इपिटमी'. 'हायपरबोल' नाही, 'हायपर्बली'. 'इन्डिक्ट' नाही, 'इन्डाइट'. 'ऑरी' नाही, 'अराय'. नवीन शब्द कार्डावर चढवायच्या आधी डिक्शनरीतला स्पीकर दाबून दोनदा ऐका, आणि देवनागरीत उच्चार लिहून ठेवा, आपल्या लिपीसारखी सोय रोमनला नाही. जोर कुठं द्यायचा तेवढं मात्र देवनागरीत कळत नाही, तिथं अक्षराखाली रेघ मारा.

आपल्याकडं मुरलेले काही शब्दही बाहेर वेगळे पडतात. आपलं 'हॉटेल' म्हणजे भजी-चहा, बाहेर तिथं खोली देतात. 'मी २०१५ ला पासआउट झालो' हे बऱ्याच देशांत 'बेशुद्ध पडलो' असं ऐकू येतं.

परीक्षेवाले विचारतील आमचं काय. परदेशी शिकायला जाणाऱ्यांच्या जीआरई परीक्षेनं २०११ मध्येच विरुद्धार्थी शब्द आणि जोड्यांचे प्रश्न काढून टाकलेत, आता वाक्यातल्या रिकाम्या जागा असतात, म्हणजे त्यांनाही शब्दाची संगतच बघायचीय. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत रायटिंगच्या एकूण मार्कांतला पाव हिस्सा शब्दसंपदेला असतो आणि त्यात शब्द योग्य जोडीनं आणि योग्य ठिकाणी आलाय का हे बघतात, अवघड शब्द कोंबले म्हणून बँड वाढत नाही. सहा महिने धरा. पहिले दोन महिने काहीच फरक दिसणार नाही, चिडचिड होईल. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कधीतरी मेल लिहिताना एखादा शब्द न बोलावता येऊन बसेल, माझ्याकडे पहिला 'डिस्क्रेपन्सी' आला होता, इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्टमधला फरक सांगताना.

परवा पाण्याची पाळी आहे. दुसऱ्या डब्यात अकरा कार्डं पडलीत, त्यात 'परफिडी' तिसऱ्यांदा पहिल्या डब्यातून वर चढून आलंय, आणि रविवारी 'मीगर' बघायचंय, ते पंधरवड्याच्या डब्यात गेलं तर बरं.